नैरोबी पाहिले, चांदा राहिले

नैरोबीहून परतलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या संग्रहात एक छायाचित्र हमखास असते. पुढे गवतात उभा असलेला जिराफ आणि त्याच्या मानेमागे उंच इमारतींची रांग. राजधानीचे शहर आणि रानातला पशू एकाच चौकटीत सामावलेले पाहून घरच्या मंडळींना नवल वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. व्यापारी कुटुंबांचे त्या शहराशी नातेही जुने. हालार, म्हणजे जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतील ओसवाल कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत जाऊ लागली. कुणी मोंबासाला उतरून तेथेच स्थिरावले, कुणी रेल्वेच्या रुळांमागोमाग आत सरकले. ते रूळ १८९९ मध्ये ज्या दलदलीपाशी पोहोचले, तेथेच नैरोबी उभे राहिले, आणि १९०५ मध्ये इंग्रजांनी आपली राजधानी मोंबासाहून तेथे हलवली. शहराचे नाव मसाई भाषेतील ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून पडले आहे. स्वाहिलीत दुकानाला आजही ‘दुका’ म्हणतात. हिंदुस्थानी माणसाने तेथे काय नेले, याची ही एका शब्दातली नोंद.

त्या शहराला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान १९४६ साली स्थापन झाले. केनियातील ते पहिले. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा, स्थापना १९५५. नैरोबीच्या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस किलोमीटर, ताडोबाच्या मूळ उद्यानाचे ११६.५५. हा निव्वळ योगायोग झाला. परंतु नागपूर, अमरावती, यवतमाळ, अकोला येथील जी कुटुंबे आफ्रिकेच्या सहलीसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकतात, त्यांतील कित्येकांनी चंद्रपूर केवळ आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते, हा योगायोग नव्हे. चंद्रपूर म्हणजे ऊन, कोळसा आणि धूर, अशी समजूत पक्की बसली आहे. ताडोबाला जाणारी मंडळीही थेट मोहर्लीच्या प्रवेशद्वारापर्यंत मोटारीने जातात, वाघ दिसला की कृतार्थ होऊन परततात. या रानाची एक राजधानी होती, तिचा तट अजून उभा आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

गोंड राजांची राजधानी आधी शिरपूरला होती, नंतर बल्लारपूरला. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने ती आणखी उत्तरेला आणली. त्यामागची आख्यायिका चांद्यातील वृद्ध मंडळी आजही रंगवून सांगतात. राजाच्या अंगभर फोड उठले होते, कोणताही उपचार चालत नव्हता. शिकारीच्या वाटेवर तहान लागली म्हणून त्याने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी प्याले, तोंड धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. राणी हिरातनीने तो खळगा शोधून काढला, तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे त्याच परिसरात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा उलट पाठलाग केला. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधावा, असे राणीने सुचवले. दुर्बळाने बलवंताला पळवावे अशा भूमीवर नगर वसवण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्याच्या रसिकतेला दाद द्यावी लागते. तट पूर्ण व्हायला मात्र कित्येक राजांच्या कारकिर्दी लागल्या.

या तटाला चार दरवाजे आहेत. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण ही त्यांची नावे. दरवाज्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे. चंद्रपूरला जाणाऱ्या कुटुंबाने पहिली सकाळ या तटासाठी ठेवावी. ऊन चढण्यापूर्वी जटपुरा दरवाज्यापासून पायी निघावे, रामाळा तलावाच्या काठाने जाऊन अचलेश्वर गाठावे. तेथेच बीरशहाची समाधी आहे, ती राणी हिराईने आपल्या पतीच्या स्मरणार्थ बांधली. जवळच महाकालीचे मंदिर. चैत्रातील तिच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड भागातून, हजारो भाविक येतात. तटावर वाढलेली झाडेझुडपे आणि कचरा दूर करण्याचे काम इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये हाती घेतले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. एरवी या भिंतीवरून चालणे शक्य झाले नसते.

व्यापारी घराण्यातील माणसाने शहराच्या दक्षिणेस लालपेठ भागात अवश्य थांबावे. तेथे उघड्यावर प्रचंड शिल्पे पडलेली आहेत. दशमुखी दुर्गेची मूर्ती सर्वांत मोठी, लोक तिला रावण समजतात. ही शिल्पे कोणा राजाने घडवलेली नाहीत. रायप्पा नावाच्या एका धनाढ्य कोमटी व्यापाऱ्याने शिवमंदिरासाठी ती करवून घेतली, पण मंदिर उभे राहण्याआधी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागे कुणी ते काम पुढे नेले नाही. चांद्यात या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. एका सावकाराच्या दुकानाला त्या काळी केवढी मिळकत असेल याचा अंदाज शिल्पांच्या आकारावरून येतो. ती मिळकत कोठून येत असेल, याचे उत्तर तटाबाहेर चारही दिशांना पसरलेल्या झाडीत होते. मोह, लाख, हिरडा, मध, सागवान, बांबू हे सारे जंगलातून यायचे आणि मीठ, कापड, लोखंड जंगलात जायचे.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८५८ साली बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वेकडचा भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला.

नागपूरच्या रस्त्यावर सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर भद्रावती, जुने भांदक. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थामुळे हे नाव या वाचकांना नवे नाही. काळ्या पाषाणाची ती मूर्ती विसाव्या शतकाच्या आरंभी झाडीत सापडली आणि उजाड झालेल्या गावात पुन्हा घंटानाद सुरू झाला. दर्शन आटोपून भोजनशाळेतून थेट परतणाऱ्या यात्रेकरूंना एवढेच सुचवावेसे वाटते की गावालगतच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी पाहून जावे. अलेक्झांडर कनिंगहॅमच्या मते युआन श्वांगने वर्णिलेली कोसल देशाची राजधानी हीच. इतर विद्वानांना ते मान्य झाले नाही, पण जैन, बौद्ध आणि नागपूजेचे भद्रनाग मंदिर ही तिन्ही स्थळे एका गावात पायी फिरून पाहता येतात, हे काही थोडे नाही.

ताडोबाच्या वाघांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ज्याच्या नावाने हे रान ओळखले जाते त्या तारूविषयी फारसे कुणी बोलत नाही. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि देव झाला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे. पौष महिन्यात आदिवासी तेथे पूजेला येत. वाघाला न मारता वाघाने मारलेल्या माणसाला देव मानणारी ही परंपरा, आणि तिच्याच भूमीवर १९५५ चे उद्यान व १९९५ चा व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. मूळ उद्यान आणि अंधारी अभयारण्य मिळून गाभा क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटरचे झाले. त्यासाठी आतली गावे एकामागोमाग एक उठली. गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. साधारणपणे चातुर्मासाचाच तो काळ, त्यामुळे त्या दिवसांत प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांचे काही बिघडत नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारच्या फेरीपूर्वीच भोजन उरकावे, कारण परतताना सूर्य मावळलेला असतो.

वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते ती मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना. पाणवठे आटतात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. नेमका हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारातच गावच्या बायका रानात शिरतात, कारण पाने कोवळी असताना तोडून दुपारपर्यंत पुडे बांधून फळीवर पोहोचवायचे असतात. तेंदूची झुडपे कमरेइतकीच. पाने तोडणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असे जाणते लोक सांगतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. राज्य शासन अशा मृत्यूबद्दल २५ लाख रुपये देते. रक्कम लहान नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच गावातील बायकांना त्याच रानात जावे लागते, कारण वर्षातून जेमतेम पंधरवडा चालणाऱ्या या कामावर पावसाळ्याचे बियाणे आणि मुलांच्या शाळेचे साहित्य अवलंबून असते.

नैरोबीचे शहर वसण्याच्या आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, साव्हो नदीवरील पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांनी महिनोन्‌महिने रोखून धरले होते. त्यांचे भक्ष्य झालेल्यांत अनेक मजूर हिंदुस्थानी होते. आज नैरोबीच्या उद्यानाची दक्षिण सीमा प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवली आहे, आणि तिकडील मसाई गुराख्यांच्या गाई सिंह नेतात. तेथल्या एका शाळकरी मुलाने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावून सिंहांना दूर ठेवले. ती युक्ती पुढे अनेक वस्त्यांनी उचलली. ताडोबाच्या सीतारामपेठ गावातही कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघाची चाहूल लागताच गावकऱ्यांना सूचना देणारी व्यवस्था बसवण्यात आली. उपाय दोन्हीकडे शोधले जात आहेत. तिकिटाचे पैसे मोजणारा प्रवासी आणि जिवाचे मोल मोजणारा गावकरी यांच्यातील अंतर मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

श्रावकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांची यादी या प्रवासात डोळ्यांपुढे ठेवून पाहावी. अंगारकर्म, वनकर्म, स्फोटकर्म, दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य. उपासकदशांगात आलेले हे शब्द प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे उच्चारले जातात, पण त्यांचा अर्थ कोळसा, लाकूड, खाण, हस्तिदंत आणि लाख असा प्रत्यक्ष समोर उभा राहतो तो येथे. १८ जुलै १९८९ रोजी नैरोबीच्या त्याच राष्ट्रीय उद्यानात केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन हस्तिदंताची रास पेटवून दिली. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्या एका वाणिज्याचे दार असे बंद झाले. इतर दारे उघडीच आहेत, आणि ती सरसकट बंद करा म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. महाराष्ट्रात दिवा लावणारा प्रत्येक जण त्या कोळशाचा भागीदार. वीजकेंद्राच्या आवारातील झुडपांत वाघ वावरतात, हे त्या भागीदारीचे दुसरे टोक. बल्लारशहाच्या आगारातील सागवान नव्या संसद भवनासाठी गेले, अयोध्येच्या मंदिरासाठीही गेले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने या भागातील बांबूच्या जोरावर कित्येक पिढ्यांच्या वह्या पुरवल्या. जुन्या खातेवह्यांची पानेही कदाचित तेथलीच असतील.

सिंदेवाहीच्या पुढे नागभीड तालुका लागतो. तेथील नांदेड या लहानशा गावात दादाजी खोब्रागडे राहत. शिक्षण बेताचे, जमीन दीड एकर. शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या बाजूला काढून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी भाताचा एक नवा वाण तयार केला. तळोधीच्या बाजारात तो आला तेव्हा त्याला नाव नव्हते. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव तांदळाला मिळाले. आज विदर्भातील कोणत्याही किराणा दुकानात एचएमटी तांदळाचे पोते असते. बाजाराने नाव दिले, भाव मिळवला. दादाजींना सन्मानपत्रे मिळाली, पण २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो आर्थिक ओढग्रस्तीतच. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्या तरुणांनी ही हकिकत माहीत करून घेतली पाहिजे.

मूलवरून पूर्वेकडे निघाले की वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली येते. येथून प्रवासाची गती बदलते. अंतरे लांब, वस्ती विरळ, आणि भ्रमणध्वनी हाती असला तरी त्याचा भरवसा नाही. दक्षिणेकडील भागात दिवसाउजेडीच प्रवास करावा आणि मुक्काम आधी ठरवून निघावे. चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते त्या वळणावर मार्कंडा देवस्थान आहे. कोरीव शिल्पांनी भरलेल्या या मंदिरसमूहाला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मूळच्या चोवीस मंदिरांपैकी बरीच पडली, एका वेळी वीज कोसळूनही मोठी हानी झाली. उरलेले पाहायला एक दुपार अपुरी पडते. आणखी दक्षिणेस आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक वनखंड कुऱ्हाड न लावता राखलेला आहे. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. मोजक्या सागवृक्षांच्या बुंध्यांजवळ उभे राहिले की चांद्याचा सावकार कशाच्या बळावर देवालय बांधायला निघाला होता ते कळते.

अगदी टोकाला सिरोंचा. तेथील वडधम येथे अश्मीभूत झालेल्या वृक्षांचे ओंडके आणि प्राचीन प्राण्यांचे अवशेष सापडले आहेत. गोंडांच्या या प्रदेशावरून भूशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात खडकांच्या एका मालिकेला ‘गोंडवाना’ नाव दिले. त्याच वनस्पतींचे ठसे आफ्रिकेतील खडकांतही मिळाले, तेव्हा हे दोन्ही प्रदेश कधीकाळी एकाच भूखंडाचे भाग होते हे स्पष्ट झाले. त्या प्राचीन भूखंडाला साऱ्या जगाने गोंडांचे नाव दिले. चंद्रपूरचा कोळसा त्याच काळातील अरण्यांचा आहे.

परतीच्या मार्गात एक दिवस धानोरा रस्त्यासाठी राखून ठेवावा. याच रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कामाचे ते केंद्र. गावातील बाईलाच नवजात बालकाची देखभाल शिकवण्याची येथली पद्धत १९९९ मध्ये वैद्यकशास्त्राच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे देशभरातील आशा कार्यकर्त्या तीच शिकल्या. रुग्णालय मोठ्या इमारतीत नाही, गावासारख्या लहान लहान घरांत आहे, कारण आदिवासींनी तसेच मागितले होते.

त्यापुढे मेंढा, लेखा गावाशेजारचे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. गावाने तो धरून लावला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसापासून बांबूचा व्यापारी खात्याच्या कचेरीत न जाता ग्रामसभेपुढे बसू लागला. पाठोपाठ गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचाही लिलाव स्वतः करू लागल्या. आधी कंत्राटदार ठरवील तो भाव, आता बोली गावापुढे. काही हंगामांत बोली लावून पाने उचललेल्या व्यापाऱ्यांनी रक्कम थकवल्याच्या तक्रारीही झाल्या. पेढीची पत ही केवळ बँकेत मोजली जात नाही. धानोऱ्याच्या रानात कुणाची पत किती, हे बायका मोहफुले वेचता वेचता एकमेकींना सांगतात, आणि पुढच्या लिलावात ते दिसून येते. म्हणूनच कित्येक ग्रामसभा आता आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय फळी उघडू देत नाहीत.

मेंढ्याच्या ग्रामसभेत पाहुण्याला बसायचे असेल तर आधी निरोप पाठवून परवानगी घ्यावी लागते. तेथे हात वर करून मते मोजत नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय सुटत नाही, त्यामुळे बैठक किती वेळ चालेल हे कुणी सांगू शकत नाही. परतीची गाडी वडशाहून असेल तर त्या दिवसाचे तिकीट काढू नये, दुसऱ्या दिवसाचे काढावे.